वाचक विचारतात : ऑर्नेट कोलमन बेसूर वाजवायचा का?

मागच्या अंकात एका वाचकाने फ्री जॅझ म्हणजे काय असं विचारलं म्हणून या सदरात ऑर्नेट कोलमनबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की हा अमेरिकेतला अल्टो सॅक्सोफोन वाजवणारा, जन्म १९३०चा, टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा, २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये गेला, आणि जॅझचे त्याच्या आधीचं आणि त्याच्या नंतरचं असे दोन भाग पडतात असं मी लिहिलं होतं. ते मी आजही म्हणतो.

तुमचा लेख वाचून रात्री जेवणानंतर लावलं. दहा मिनिटांत घरचे म्हणाले बंद करा. मीही थोडंफार शास्त्रीय ऐकतो, मला ते सरळसरळ बेसूर वाटलं. हा माणूस नीट शिकलेला नव्हता आणि लोकांनी त्यालाच नवीन म्हणून डोक्यावर घेतलं असं तर नाही ना? — एक वाचक, नाशिक

नाही हो. पण तुमचा प्रश्न चुकीचा नाही, १९५९ पासून हाच प्रश्न विचारला जातोय आणि विचारणारे ऐरेगैरे नव्हते. जॅझमधलं मोठं नाव असलेल्या ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसने त्याला ऐकून या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही अशा अर्थाचं म्हटलं होतं, रॉय एल्ड्रिजसारख्या जुन्याजाणत्या ट्रंपेटवाल्याला तो लोकांना चक्क बनवतोय असं वाटलं होतं. तेव्हा तुमच्या घरच्यांना राग आला तर त्यांच्यावर रागावू नका.

आता शिकण्याचं. वडील तो लहान असतानाच गेले, आई शिवणकाम करायची, चौदाव्या वर्षाच्या सुमारास सॅक्सोफोन हातात आला, मास्तर ठेवायची ऐपत नाही म्हणून पुस्तकावरून स्वतःच सुरू केलं. पुस्तक पियानोचं. आणि अल्टो सॅक्सोफोनचं असं असतं की बोटं 'सी'ची ठेवली तरी आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एक वाजत नाही, काळी दोन वाजते. त्याला हे सांगणारं कोणी नव्हतं, त्याने सुरांची नावंच वेगळी धरली आणि बराच काळ तसाच वाजवत राहिला, मग चर्चच्या बँडमध्ये चारचौघांत ती चूक निघाली आणि त्याची चांगलीच शोभा झाली. मला कायम वाटतं की सुराचं नाव वेगळं आणि सूर वेगळा हे त्याला तिथेच कळलं, कारण नावं चुकली होती पण कानाला जे ऐकू येत होतं ते कुठे चुकलं होतं? त्यानंतर तो सगळं व्यवस्थित शिकला. शाळेत त्याच्यासोबत ड्यूई रेडमन आणि चार्ल्स मॉफेट होते, दोघंही पुढे मोठे वादक झाले. टेक्ससच्या नाचाच्या अड्ड्यांवर त्याने रिदम अँड ब्लूज वाजवून पैसे मिळवले, तिथे बेसूर वाजवलं तर दुसऱ्या दिवशी कोणी बोलावत नाही. अल्टो सॅक्सोफोनचा त्याच्या आधीचा उस्ताद चार्ली पार्कर, त्याच्या चिजा याला तोंडपाठ होत्या.

मग तो वेगळं काय करत होता? त्याच्या आधीच्या जॅझमध्ये साधारण असं असायचं की गाण्याचा ३२ बारचा, म्हणजे मात्रांच्या ३२ गटांचा एक साचा, प्रत्येक बारला कुठली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे कुठले सूर हे ठरलेलं, पियानोवाला ते चक्र फिरवत राहणार आणि वाजवणाऱ्याने त्या चक्रातून आपली वाट काढायची, कितीही धावा पण प्रत्येक वळणावर त्या कॉर्डला जाऊन भेटायचंच. ऑर्नेटने ते चक्रच काढून टाकलं. लय ठेवली, ठेका ठेवला, सुरुवातीची धून ठेवली, आणि धून संपली की त्या धुनेतूनच पुढचं सुचेल तिकडे जायचं, बासवाल्याने त्याच्या मागे जायचं. त्याच्या चौकडीत पियानो नव्हताच, कारण पियानो असला की कॉर्ड आली आणि कॉर्ड आली की कुंपण आलं. राहता राहिला सुराचा प्रश्न, तर तो एकच सूर आनंदात थोडा वर आणि दुःखात थोडा खाली लावायचा, मुद्दाम. तुम्ही शास्त्रीय ऐकता ना, मग एकाच नावाचा कोमल गंधार प्रत्येक रागात एकाच जागी लागत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं. हे दोन्ही संगीत एक आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पण ज्या कानाला ते चालतं त्या कानाला हे जड जाऊ नये.

एक करून बघा. २२ मे १९५९ ला हॉलिवूडमध्ये त्याच्या चौकडीने केलेलं लोनली वुमन लावा, पाचेक मिनिटांचं आहे, आणि पहिल्यांदा सॅक्सोफोनकडे लक्षच देऊ नका. आधी बिली हिगिन्सची झांज ऐका, भरभर चाललीये, एखादा माणूस घाईघाईत रस्त्याने निघालाय तशी. मग चार्ली हेडनचा बास, तो दोन तारा एकदम छेडत सावकाश चाललाय, जवळजवळ तंबोऱ्यासारखा. या दोघांच्या वर सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचा धाकटा भाऊ, एकच धून घेऊन येतात, संथ, आणि ती खालच्या घाईत बसत नाही, बसवायचा प्रयत्नही नाही. दोघं एकत्र श्वास घेतात पण अगदी केसाएवढं अंतर ठेवून, आणि मग मध्येच ऑर्नेट एकटा वर उठतो आणि सूर जरा वाकवून सोडतो. आपल्याकडे गाण्यात ज्याला पुकार म्हणतात ना, ती. हे दोनदा ऐकूनही बेसूर वाटलं तर मला परत लिहा, मी मनापासून वाचेन.

तो प्लास्टिकचा सॅक्सोफोन वाजवायचा हे खरं आहे का? की नुसती दंतकथा? — एक वाचक, पुणे

खरं आहे. पांढरा शुभ्र, ग्राफ्टन कंपनीचा, लंडनमध्ये बनायचा, अंग अ‍ॅक्रिलिकचं आणि वरच्या कळा धातूच्या. पितळी सॅक्सोफोनपेक्षा बराच स्वस्त. ऑर्नेटने १९५४ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये घेतला, कारण एकच, खिशात पितळीचे पैसे नव्हते. आधी त्याला तो आवडलाही नव्हता. पण वाजवता वाजवता त्याला त्यात पितळेची ती घंटेसारखी घुमणूक नसते आणि फुंक जशी आहे तशीच बाहेर येते हे आवडायला लागलं, आणि मग अटलांटिक कंपनीसाठी केलेल्या त्याच्या गाजलेल्या रेकॉर्डवर तोच वाजलाय. चार्ली पार्करनेसुद्धा १९५३ च्या टोरांटोच्या मैफलीत ग्राफ्टनच वाजवला होता, त्यामुळे खेळणं म्हणून हसण्यात अर्थ नाही. वाईट गोष्ट म्हणजे हे वाद्य फार नाजूक, हातातून पडलं की तडा गेलाच, आणि दुरुस्त करणारा सापडणं मुश्कील. साठच्या दशकातच कंपनीने बनवणं बंद केलं, आता जे शिल्लक आहेत ते बहुतेक काचेच्या कपाटात.

अशा कलावंतांचं पोट कसं चालायचं हे कोणी लिहीतच नाही. तुम्ही पण मागच्या वेळी नुसते अल्बम सांगितले. १९६२ नंतर दोन वर्षं तो गायब होता असं कुठेतरी वाचलं, तेव्हा काय करत होता? — एक वाचक, ठाणे

तुमची तक्रार रास्त आहे, मागच्या वेळी मी ते सोडायला नको होतं, म्हणून आता नीट लिहितो.

१९४९ ची गोष्ट. तो फिरत्या बँडबरोबर लुईझियाना राज्यात बॅटन रूजला वाजवत होता, टेनर सॅक्सोफोन तेव्हा. नाचाच्या कार्यक्रमात त्याने आपल्या पद्धतीचं काहीतरी वाजवलं, आणि नंतर बाहेर काही लोकांनी त्याला गाठून बेदम मारलं आणि सॅक्सोफोनची वाट लावली. वय एकोणीस. म्हणजे लोकांना आवडलं नाही हे इतरांच्या बाबतीत टाळ्या न मिळण्यापुरतं असतं, याच्या बाबतीत रक्त निघण्यापर्यंत गेलं. नंतर तो लॉस एंजेलिसला आला, तिथे क्लबमध्ये सोबत वाजवायला चढला की बाकीचे वादक उतरून जायचे किंवा त्यालाच उतरवायचे, मग पोटासाठी एका मोठ्या दुकानात लिफ्टमनची नोकरी केली आणि लिफ्टमध्ये बसून हार्मनीची, म्हणजे सुरांच्या मेळाच्या शास्त्राची पुस्तकं वाचली. ज्याला लोक अडाणी म्हणत होते तो माणूस लिफ्टमध्ये थिअरी वाचत होता, हे चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

पहिली रेकॉर्ड १९५८ साली आली, म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी. मग मॉडर्न जॅझ क्वार्टेटच्या जॉन लुईसने त्याच्यासाठी शब्द टाकला, अटलांटिक कंपनीशी करार झाला, आणि १७ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात चौकडी बसली. ठरले होते दोन आठवडे, चालले अडीच महिने. रोज रात्री निम्मे वादक त्याला नावं ठेवायला यायचे आणि निम्मे शिकायला, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या शास्त्रीय ऑर्केस्ट्राचा संचालक लेनर्ड बर्नस्टाइन तर ऐकून एकदम खूश झाला. पुढच्याच वर्षी, २१ डिसेंबर १९६० ला, आठ जणांना स्टुडिओत बसवून, चार डाव्या स्पीकरमध्ये आणि चार उजव्या, सलग ३७ मिनिटं वाजवलं, रेकॉर्डचं नाव फ्री जॅझ, आणि त्या नावावरून अख्ख्या प्रकारालाच नाव पडलं. त्यात दुसऱ्या बाजूला एरिक डॉल्फी आहे बरं का, बास क्लॅरिनेट घेऊन, हेडफोन लावून ऐकलंत तर दोन खोल्यांमधल्या गप्पा एकदम ऐकू आल्यासारखं वाटतं.

एवढं नाव झालं पण पैसा काही त्या मानाने आला नाही. क्लब भरतोय, चर्चा होतेय, आणि आपल्यापेक्षा कमी गर्दी खेचणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त मिळतंय हे त्याला दिसत होतं. त्याने आपला दर वाढवला, चांगला घसघशीत वाढवला. बोलावणी बंद झाली. मग २१ डिसेंबर १९६२ ला त्याने न्यूयॉर्कचा टाउन हॉल स्वतः भाड्याने घेऊन स्वतःचा कार्यक्रम केला, त्रिकूट होतं आणि त्याने तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी लिहिलेली रचनासुद्धा होती, आणि नेमका तेव्हा न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांचा संप चालू होता. ना जाहिरात, ना परीक्षण. त्यानंतर तो गप्प झाला तो १९६५ च्या जानेवारीपर्यंत.

काय करत होता म्हणाल तर शिकत होता. ट्रंपेट आणि व्हायोलिन, दोन्ही स्वतःच्या मनाने. परत आला तेव्हा न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये तीन वाद्यं घेऊन उभा राहिला, आणि लोकांनी परत बोंब मारली, की सॅक्सोफोन तरी येत होता, हे काय. त्याच्या व्हायोलिनबद्दल माझं प्रामाणिक मत विचाराल तर मला ते सॅक्सोफोनच्या जवळपासही जात नाही, ठोक्यांचं वाद्य वाजवल्यासारखं तो ते वाजवतो. पण दोन वर्षं बाजारातून बाहेर बसून, पैसे नसताना, दर कमी न करता नवीन वाद्य शिकायचं ही हिंमत कुठून येते ते मला कळत नाही. त्याच १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये वादकांच्या युनियनचे नियम असे होते की परदेशी जॅझवाल्याला सहज वाजवू देत नसत, तर याने पाच सुषिर वाद्यांसाठी एक रचना लिहून काढली आणि शास्त्रीय संगीतकार म्हणून क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉलमध्ये कार्यक्रम केला. १९६७ ला गुगनहाइम फेलोशिप मिळाली, जॅझवाल्याला मिळालेली ती पहिली. सत्तरच्या आसपास न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये प्रिन्स स्ट्रीटवर त्याने जागा घेतली आणि तिथेच कार्यक्रम करायला लागला, म्हणजे क्लबवाल्यांचा प्रश्नच मिटवला.

मुंबईची एक गायिका त्याच्याबरोबर गायली होती असं माझे वडील सांगायचे. आम्ही कधी विश्वास ठेवला नाही. — एक वाचक, पणजी

वडिलांचं बरोबर होतं! आशा पुथली. जन्म मुंबईचा, हिंदुस्थानी संगीत आणि ऑपेरा दोन्हीचं शिक्षण, मुंबईत जॅझ गायची, मग नाचाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क. कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंडने तिचं गाणं ऐकलं आणि ऑर्नेट तेव्हा सायन्स फिक्शन या रेकॉर्डसाठी आवाज शोधत होता. १९७१ साली तिने त्यात दोन गाणी गायली. ऐकाल तेव्हा लक्ष द्या, शब्द इंग्रजी आहेत पण सूर एकावरून दुसऱ्यावर ज्या तऱ्हेने घसरत जातो ती मींड आहे, ती इथून गेलेली आहे, आणि मागे ट्रंपेट-सॅक्सोफोन तीच धून आपापल्या वेळेने घेत असतात. गाणारीला टेकायला एकही कॉर्ड नाही. तंबोऱ्यावर तयार झालेल्या गळ्याला ते जमलं यात मला नवल वाटत नाही, अभिमान मात्र वाटतो. पुढे ती डिस्को आणि पॉपकडे गेली आणि तिकडे तिचं जास्त नाव झालं. वडील असतील तर त्यांना ती गाणी लावून द्या, नसतील तर तुम्ही ऐका.

दहा वर्षांच्या मुलाला ड्रम्सवर बसवून रेकॉर्ड काढली हे मला पटलं नाही. हा बापाचा हट्ट झाला. — एक वाचक, न्यू जर्सी

तेव्हाही अनेकांना पटलं नव्हतं, नावाजलेल्या ड्रमरांनाही नाही. १९६६ ची रेकॉर्ड, मुलगा डेनार्डो दहा वर्षांचा. मी ती वर्षानुवर्षं टाळली होती आणि मागच्या पावसाळ्यात नीट बसून ऐकली. मुलगा ठेका चुकतो, कधी थांबतो, कधी भलत्या ठिकाणी जोरात मारतो, पण बापाचं वाजवणं ऐकत असतो, सतत. ऑर्नेटला तेच हवं होतं, ज्याला अजून काय चूक ते शिकवलेलं नाही असा कान. आणि हट्ट म्हणाल तर हाच मुलगा पुढे बापाचा कायमचा ड्रमर झाला, त्याचे करारमदार पण त्यानेच सांभाळले, आणि २००७ साली ज्या साउंड ग्रामर रेकॉर्डला पुलित्झर पारितोषिक मिळालं, त्यात ऑर्नेटच्या मागे दोन बास आणि ड्रम्सवर डेनार्डोच आहे. ती जर्मनीतल्या मैफलीची रेकॉर्ड, ऑर्नेट तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचा, आणि आवाजात तेच फोर्ट वर्थचं ब्लूज.

हार्मोलोडिक्स म्हणजे काय, सोप्या भाषेत? — एक विद्यार्थिनी, सोलापूर

हा त्याने स्वतः घडवलेला शब्द, हार्मनी, मूव्हमेंट आणि मेलडी यांना एकत्र करून. सोप्या भाषेत, वाजवणाऱ्यांमध्ये एक पुढे आणि बाकीचे साथीला असं नाही, धून सगळ्यांची, प्रत्येकाने ती आपल्या पट्टीत आणि आपल्या वेळेने म्हणायची आणि तरी दुसऱ्याचं ऐकत राहायचं. वारीत दिंडीमागून दिंडी चाललेली असते, मागची एक अभंग म्हणतेय पुढची दुसरा, तुम्ही मध्ये चालताय आणि दोन्ही कानांत दोन्ही येतायत, मला तरी ते त्याच्या प्राइम टाइम बँडच्या सगळ्यात जवळचं वाटतं. त्याचं सविस्तर पुस्तक तो लिहीन लिहीन म्हणत राहिला, वाजवण्यातून मात्र भरपूर सांगून गेला.

मी ब्रास बँडमध्ये तीस वर्षं सॅक्सोफोन वाजवला, लग्नं, गणपती, मिरवणुका. आता वरचे पुढचे दात गेलेत, कवळी आहे, सॅक्सोफोन पाच वर्षं पेटीत आहे. तुमचा लेख नातवाने वाचून दाखवला. हा माणूस म्हातारपणी वाजवायचा का? — एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

काका, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. वाजवायचा. १२ जून २०१४ ला ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये डेनार्डोने त्याच्यासाठी कार्यक्रम केला, ज्येष्ठ सॅक्सोफोनवाले सनी रोलिन्स त्याच्याबद्दल बोलायला आले होते, ऑर्नेट तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा, आणि त्याने सॅक्सोफोन हातात घेतला आणि वाजवला. बोटं पूर्वीसारखी पळत नव्हती. सूर पहिल्या फुंकेला ओळखू येत होता. पुढच्या वर्षी ११ जूनला तो गेला.

आता तुमच्या पेटीबद्दल. आधी नुसती उघडा आणि वाद्य दोन दिवस हवेला ठेवा, उन्हात नको. पाच वर्षांत पॅड कडक झाले असतील किंवा चिकटले असतील, कळ दाबून बघा, सुटताना चिकट आवाज आला तर जोर लावू नका, पॅडचं चामडं फाटतं, मध्ये पातळ कागद धरून अलगद सोडवा. जुनी रीड टाकून द्या, नवीन घ्या आणि नेहमीपेक्षा एक नंबर नरम घ्या, तीन वाजवत असाल तर दोन. कवळीचं म्हणाल तर वरचे दात माउथपीसवर टेकवायलाच पाहिजेत असं नाही, वरचा ओठ आत वळवून दोन्ही ओठांनी धरून वाजवायची पद्धत आहे, आधी दमायला होतं, पाच मिनिटांच्या वर जाऊ नका. पहिल्या दिवशी गाणं वाजवू नका, एकच मधला सूर लांब धरा. आणि नातवाला शेजारी बसवा.